सात बहिणींवर ठेवलेला अभ्यास

नवेगाव बांधच्या ढिवर मोहल्ल्यात देवीदास वलथरे यांच्या घरी दामिनी जन्मली, तेव्हा तिच्या आत्यानं, रुख्माबाईनं, पोरीच्या डोळ्यांकडे पाहूनच निकाल दिला होता. "हे पोट्टी कामाची नाई. पाहा, कुठं पाहून रायली ते."

आत्याचं बोलणं निम्मं खरं ठरलं. दामिनी कामाची निघाली, पण तिचं पाहणं कायम दुसरीकडेच राहिलं. चुलीवर भात ठेवावा, त्याच्या वाफेत तिला धुकं दिसावं, धुक्यात पलीकडचा काठ शोधता शोधता भात खाली लागावा, असं नेहमीचं. आई, नंदाबाई, बाजारातून मासे विकून आली की दारातूनच वास घेऊन म्हणायची, "आज कुठं गेलती वं?" दामिनी दिवसभर घरातच असायची, पण आईचा प्रश्न चुकीचा नसे.

बारावीपर्यंत ती गावात शिकली. पुढं देवलगावहून गाडी पकडून गोंदियाच्या कॉलेजात जाऊ लागली, बी.एस्सी.ला, बायोटेक्नॉलॉजी घेऊन. मोहल्ल्यात कुणी विचारलं की हे काय शिक्षण, तर देवीदास सांगत, "जिवाचं शास्त्र हाये." पुढं कुणी काही विचारत नसे.

दुसऱ्या वर्षी सरांनी सगळ्यांना आपापल्या गावचं पाणी आणायला सांगितलं. कुणी विहिरीचं आणलं, कुणी नळाचं. दामिनीनं बांधाचं, म्हणजे गावच्या मोठ्या तलावाचं आणलं. त्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंबात शेवाळाचा एक हिरवा, जाळीदार गोळा लोळत होता. कसली घाई नाही, कुठं पोचायचं नाही. त्याच्या पोटात आणखी लहान हिरवे गोळे होते, आई फिरेल तसे तेही फिरत होते. ज्या पाण्यात ती पोहायला शिकली, त्या पाण्यात हे सगळं जन्मापासून चाललेलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मागं रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणीनं, आचलनं, दोनदा तिचा खांदा हलवला. "अब हट ना दामिनी. पूरा तालाब पी गई क्या?"

त्या संध्याकाळी गाडीच्या खिडकीशी बसून तिनं मनाशी ठरवलं की एवढ्यावर थांबायचं नाही. एम.एस्सी. करायची. बायोटेक्नॉलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशभर एक प्रवेशपरीक्षा होते. तिच्यातून मोठ्या विद्यापीठात जागा मिळते, दरमहा विद्यावेतनही मिळतं. दामिनीसारखीला पुढं जायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

अभ्यासाला वेळ मात्र एकच होता, पहाटेचा, आणि तो डोंग्यात, म्हणजे बापाच्या लहान होडीत जायचा. देवीदासांची कंबर धरू लागल्यापासून रात्री टाकलेलं जाळं पहाटे काढायला दामिनी त्यांच्यासोबत जात असे. जाळं उचलताना बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. मासा ऐकतो म्हणून असेल किंवा हातांचं लक्ष मोडतं म्हणून असेल, पण जाळं पूर्ण डोंग्यात येईपर्यंत बापलेकींत शब्द होत नसे. डोंग्यात पुस्तक नेलं तर भिजणार. मग त्या लांबच लांब शांततेत दामिनीनं धडे पाण्यावरच मांडायला सुरुवात केली.

जाळ्याला तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असत. त्यांवर तिनं अमिनो आम्लं ठेवली. सगळ्यात साधं ग्लायसीन पहिल्या बाटलीवर, मग एकेक वाढत जाणारी. पाण्यात उभ्या वठलेल्या झाडांच्या खुंटांवर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. डीएनए ठरावीक जागीच कापणारी विकरं तिनं त्यांच्या चोचींत दिली. बांधाचं पाणी शेताला सोडायचं जे दार, तिथं तिनं लॅक ऑपेरॉन हा जनुकांचा गट ठेवला, कारण तोही गरज पडली की उघडणारा आणि एरवी बंद. बांधाच्या भोवती डोंगर आहेत, लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. ज्या बहिणीच्या खांद्यावरून सूर्य वर यायचा तिथून सुरुवात करून तिनं पेशीच्या श्वसनाचं चक्र त्यांच्यावर बसवलं. पहिल्या बहिणीवर सायट्रेट, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. सातवीवर मॅलेट. चक्रातलं आठवं संयुग उरलं, त्याला डोंगर नव्हता. ते तिनं बापाच्या डोंग्यात ठेवलं. डोंगा सातवीकडून निघतो, बाहेरून आलेलं काही सोबत घेतो आणि पुन्हा पहिलीकडं लागतो. चक्र फिरतं.

जाळं आत आलं की बोलायला मोकळीक होती. एकदा देवीदासांनी विचारलं, "या बहिनीवर आज काय ठेवलं?"

"सक्सिनेट."

"जड नाई ना होत तिले?"

"नाई बाबा. हलकंच आहे."

"मंग बरं. तिच्यावर आधीच लय झाडं हायेत."

बी.एस्सी. संपता संपता तिनं पहिल्यांदा परीक्षा दिली, केंद्र नागपूरला आलं. देवीदास आणि ती साकोलीला बस बदलून गेले. काळ्या काचांची इमारत होती. आत ओळीनं संगणक, पांढरे दिवे, खिडकी नाही. दामिनी आपल्या जागी बसली, डोळे मिटले आणि बांधाच्या काठावर उभी राहायला गेली, तर तिथं काठच नव्हता. सूर्य कुठल्या बाजूनं येणार हेच कळेना. जिना चढताना, अंगठा लावताना, फोटो काढताना ती इतक्यांदा वळली होती की दिशा तुटून गेल्या होत्या. सूर्य नाही तर पहिली बहीण नाही, पहिली नाही तर पुढची कुणीच नाही. सगळे डोंगर धुक्यात तरंगत राहिले. पाणकावळे चोचीत काय आहे ते दाखवायला तयार होईनात. समोरच्या पडद्यावर घड्याळ चालत होतं. तिनं जे सुचलं त्यावर टिचकी मारली, आणि जे सुचलं ते फार थोडं होतं.

निकाल आल्यावर घरात विचारणा झाली. दामिनी म्हणाली, "मले पूर्व सापडली नाई."

देवीदासांनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं. रुख्माबाई मात्र हातातली सुपारी तशीच धरून भावाकडं पाहू लागली. "काऊन रे देवीदास, त्या परीक्षेत पूर्व-पश्चिम विचारतेत का?"

"नाई. पन लागते."

"तुम्हा बापलेकीचं मले समजतच नाई बाप्पा." मग आत्या खऱ्या कामाचं बोलली. अर्जुनीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिच्या ओळखीनं जागा होती. मालक एखादं वर्ष थांबायला तयार होता, त्यापुढं नाही. "सुया टोचायचं काम हाये, पन सावलीतलं हाये. आनखीन एक साल घे. मंग हे डोंगरावर पुस्तकं मांडनं बंद."

नंदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं लेकीकडं. दामिनीनं मान हलवली. ठरलं ते ठरलं. अजून एक परीक्षा, आणि नाही जमलं तर लॅब. लॅबचं काम वाईट होतं असं नाही. पण तिथं दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता आपण त्या हिरव्या गोळ्याला विसरून जाऊ, ही भीती दामिनीच्या मनात बसली.

आचल तोवर नागपूरला क्लास लावून बसली होती. तिनं फोनवर सल्ला दिला, "तालाब-वालाब छोड. दीवार के सामने बैठ और रट्टा मार." दामिनीनं ते मनापासून करून पाहिलं. बापाला तिनं सांगितलं की काही दिवस मी येत नाही, आणि घरात भिंतीकडं तोंड करून बसली. भिंतीला निळा रंग होता, जागोजागी पोपडे. वाचलेलं तिथवर जायचं आणि भिंतीला लागून परत यायचं, मुक्काम काही करत नव्हतं. ती पोपड्यांत बेटं पाहू लागली. एका सकाळी देवीदास एकटेच जाळं काढून, कंबर धरत घरी आले. ती त्यांच्याकडं पाहत राहिली.

"उद्यापासून येतो मी," ती म्हणाली.

"भिंतीचं काय झालं?"

"भिंत कोरडी आहे बाबा."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "सायट्रेट कालपासून विचारून रायलं, पोट्टी कुठं गेली म्हनून."

हिवाळा गेला. परदेशी बदकं आली आणि परत गेली. बांधाचं पाणी ओसरत काठाशी चिखल उघडा पडला. दामिनीचा अभ्यास आता पाण्याबाहेरही पसरला होता. कमळाच्या पानांवर रोगप्रतिकारशक्ती होती, बेशरमीच्या झुडपांत विषाणू. कधी कधी जाळं उचलता उचलता ती इतकी आत जायची की डोंगा, बाप आणि डोंगर यांतलं खरं कोणतं आणि शिकलेलं कोणतं ते वेगळं करता यायचं नाही. सगळंच एका संथ हिरव्या फिरण्यात फिरत असायचं. परीक्षेची मात्र तिनं एकच तयारी जादा केली. इमारतीत शिरल्यावर कितीही वळणं येवोत, सूर्याची बाजू सोडायची नाही.

दुसऱ्या वर्षीही नागपूरच आलं, दुपारची वेळ. इमारत वेगळी, काचा तशाच काळ्या. दारापाशी ऊन उजव्या गालावर होतं. तिनं ते ध्यानात धरलं. आत डावीकडं वळली, ऊन पाठीशी. जिन्यावर फिरली, ऊन पुन्हा बाजूला. तिथवर बरोबर होतं. वर तपासणीला बसलेल्या बाईनं तिला अडवलं.

"नाक की चमकी निकालो."

"ती निघत नाही. लहानपणापासून आहे."

"धातू है ना? निकालना पडेगा."

पाच-सहा मुली मागं खोळंबल्या. बाईनं साबणाचं पाणी मागवलं, दामिनीनं डोळ्यांत पाणी येईपर्यंत चमकी फिरवली, शेवटी ती निघाली. कुणीतरी तिला दंडाला धरून आत नेलं, कुणीतरी खुर्ची दाखवली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की गालावरचं ऊन नाहीसं झालं आहे. पुन्हा तेच पांढरे दिवे आणि पुन्हा तेच धुकं.

परीक्षा सुरू व्हायला थोडा वेळ होता. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण पर्यवेक्षक रांगांमधून फिरत होता. दामिनीनं हात वर केला.

"सर, पूर्व किधर है?"

तो थबकला. "क्या?"

"पूर्व दिशा. किधर है?"

"वास्तु का कुछ है क्या? सीट नहीं बदलेगी."

"सीट नको सर. फक्त बाजू सांगा."

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. नोकरीत त्याला असं कुणी विचारलं नसावं. मग त्यानं भिंतीवरच्या एसीकडं बोट केलं. "वो साइड. अब आगे देखो."

दामिनीनं एसीकडं पाहिलं. त्याच्या मागून हळूच सूर्य वर आला. त्याच्याखाली पहिली बहीण उभी राहिली, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि डोंगर आपापल्या जागी येऊन बसले, जसे पाहुणे ओळखीच्या घरी बसतात. मध्ये पाणी भरलं. बाटल्या तरंगू लागल्या. एसीचा गार वारा पहाटेचा वारा झाला. पडद्यावर प्रश्न येत गेले आणि ती डोंगा वल्हवत एकेकापाशी गेली. पाणकावळ्यानं चोच उघडून दाखवली. दार उघडलं, पाणी शेतात गेलं. काही प्रश्न असे होते की ज्यांना बांधावर जागाच नव्हती, ते तिनं सोडून दिले. घड्याळाकडं तिनं पाहिलं ते शेवटी, आणि तेव्हा जाळं डोंग्यात आलेलं होतं.

बाहेर देवीदास फुटपाथवर कडुनिंबाखाली उकिडवे बसले होते. ऊन तिरपं झालं होतं. दामिनी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली आणि इमारतीकडं वळून पाहू लागली. एसीची बाहेरची पेटी वरच्या मजल्यावर दिसत होती. उतरतं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं.

"बाबा, ही बाजू कोणती?"

"पश्चिम. सूर्य आपल्या मागं बुडून रायला नाई का." त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "काऊन? याही खेपेला सापडली नाई?"

"सापडली," ती म्हणाली. "पण त्या सरांनी उलटी दाखवली."

"मंग बहिनी?"

"त्यांना कुठं समजलं? त्या बसल्या आपापल्या जागी."

देवीदास पुन्हा इमारतीकडं पाहू लागले. रस्त्यावरून सिटी बस गेली, तिची धूळ खाली बसली. आपल्या पोरीनं अख्खा बांध फिरवून ठेवला आणि थेंबभर पाणी सांडलं नाही, हे त्यांच्या मनात हळूहळू उतरत होतं. आपल्याविना, डोंग्याविना, सूर्याविनासुद्धा ती आता तिथं जाऊ शकते. त्यांना बरं वाटलं आणि कुठंतरी रितंही वाटलं. ते उठले, कंबर सरळ केली. "चाल. साकोलीची गाडी जाईन."

निकाल आला तेव्हा भाताची रोपं टाकून झाली होती. दामिनीला आसामातल्या एका विद्यापीठात जागा मिळाली. रुख्माबाई ऐकून आली, दाराशी बसली, पानाचा डबा उघडला.

"लॅबवाल्याले काय सांगू मंग?"

"सांग का दुसरी पोट्टी पाहा म्हनून," नंदाबाई म्हणाल्या.

"आसाम म्हंजे लय दूर ना वं? तिथं कोन हाये आपलं?"

"कोनी नाई."

आत्यानं पान तोंडात टाकलं. मग तिनं दामिनीला विचारलं, "तिथचे लोक मासे खातेत का?"

"खातात आत्या. रोज खातात. मोठी नदी आहे तिथं."

"मंग जाजो," आत्या म्हणाली. "उपाशी नाई राहाशीन."

दामिनी हसली. आत्या पुढं काहीतरी सांगतच होती, बांगड्यांचं, थंडीचं, स्वेटरचं. पण दामिनीचे डोळे केव्हाच दाराबाहेर गेले होते. एक रुंद, मातकट नदी संथ वाहत होती, तिच्या काठावर अजून कशावरही काही ठेवलेलं नव्हतं.