बांधलेल्या झाडांची अक्का

अक्कांच्या परसातलं एकही झाड मोकळं नव्हतं. लिंबाला तिन्ही बाजूंनी सुतळ्या ताणलेल्या, पपईला बांबूचा टेकू, तोंडलीच्या मांडवाचे पाय पुरलेल्या दगडांना तारेने आवळलेले, आणि केळीच्या प्रत्येक खांबाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. लग्न होऊन मी धुळ्याला आले आणि मागचं दार उघडून ते परस पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, ही बाग कसली, पट्ट्या बांधून रोगी उभे केलेत रांगेत.

"अक्का, ही झाडं पळून जातील की काय?" मी नव्या नवरीच्या भोळेपणाने विचारलं.

अक्का हसल्या नाहीत. "झाडं नही पळत, पोरी. वारा उपटीन लई जास."

गाव संपून शेतं सुरू होत तिथे आमची तीन घरं एका ओळीत होती. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला नाना, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एकटे मास्तर, आणि मध्ये अक्का. परसांमध्ये काट्यांचं कुंपण तेवढं. अक्कांना मूलबाळ नव्हतं, मालक फार पूर्वी गेले होते. कसे गेले ते त्या सांगत नसत आणि कुणी विचारतही नसे. पांझरेच्या काठच्या आपल्या गावातून त्या धुळ्याला आल्या होत्या आणि परत म्हणून गेल्या नव्हत्या. बोलणं मोठ्याने, हात देता. आमच्या घरी पहिल्या वर्षी मी कढीपत्ता किंवा लिंबू विकत आणल्याचं मला आठवत नाही. तोंडली तर कुंपणावरूनच माझ्या पदरात पडत. "घे. इतलं बठ्ठं का मी एकलीच खाऊ?"

पण चैत्र सरला की ही बाई बदलायची. बोलता बोलता मध्येच थांबायची, मान तिरकी करायची आणि पश्चिमेकडे बघत राहायची. मला काहीच ऐकू येत नसे. त्या उठायच्या आणि एकेक गाठ ओढून बघायच्या. बादली उपडी करून तिच्यावर दगड, कपड्यांची दोरी रिकामी, तुळशीची कुंडी भिंतीच्या आडोशाला. त्यांना असं फिरताना पाहिलं की भर उन्हात माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, कुणीतरी येणार आहे आणि ते फक्त अक्कांना कळलंय.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे ज्वारीचे बिबडे, म्हणजे इकडचे पापड, करून परसात खाटेवर वाळत घातले होते. दुपारी धुळीचा लोट उठला तशी मी ते गोळा करायला धावले. दोन पावलं गेले असेन, तोच मनगटाला हिसका बसला. अक्का पुढच्या दाराने कधी आल्या ते कळलंच नाही; त्या उंबऱ्यातच होत्या. त्यांनी मला घरात ओढलं, कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर माझे बिबडे पतंगासारखे उडत होते.

"अहो अक्का, दोन दिवसांची मेहनत!"

"जाऊ दे. वारा सुटना का परसमा पाय ठेवानाच नही." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "झाड परत लागस, माणूस नही लागत."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. झाडांवरच्या मायेने त्या झाडं बांधत असतील असं सगळ्यांना वाटे. मायाही होतीच. पण खरं कारण निराळं होतं. वारा सुटल्यावर कुठल्याही झाडासाठी कुणालाही बाहेर जावं लागू नये, म्हणून त्या गाठी होत्या.

नानांना हे सगळं थट्टेवारी नेण्यासारखं वाटे. "अक्का, त्या पपईला फाशी कशाबद्दल? गुन्हा तरी कळू द्या!" असं ते कुंपणापलीकडून ओरडत. त्यांच्या परसात गुलाबाच्या कुंड्या होत्या आणि कुंपणाला लागून एक उंच शेवगा, त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला. शेंगा सुरेख यायच्या. पण शेवग्याचं लाकूड ठिसूळ, आणि हे झाड अर्धं पोकळ झालेलं. वाऱ्याने ते करकरलं की अक्का हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत.

"नाना, तोडा ते झाड."

"तिच्या हातचं आहे, अक्का."

यावर अक्का पुन्हा आपल्या गाठींकडे वळत. पण दर वैशाखात पुन्हा सांगत.

ते वादळ आलं तो ज्येष्ठ होता. सकाळपासून पान हलत नव्हतं. दुपारी आभाळ ताकात हळद कालवावी तसं झालं, चिमण्या गप्प झाल्या. अक्कांनी गाठी तपासल्या, आमच्या दाराशी येऊन "घरमा ऱ्हाय" म्हणून बजावलं, नानांना हाक मारली आणि आपलं दार लावून घेतलं. माझे यजमान कचेरीत होते. मी खिडकीच्या फटीतून बघत होते.

वारा आला तो आवाजच आधी आला, गाडी पुलावरून जावी तसा. मग धुळीत सगळं बुडालं. मध्येच धूळ फाटली तेव्हा दिसलं, नाना परसात वाकून कुंड्या उचलत होते. अक्कांचं दार उघडलं.

"नाना! घरमा या!"

नानांनी 'आलो आलो' असा हात केला आणि आणखी एक कुंडी उचलली. शेवगा करकरला. अक्का उंबऱ्यात दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या होत्या. किती वेळ, सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मग ज्या बाईने मला बिबड्यांसाठी दोन पावलं टाकू दिली नव्हती, ती उघड्या परसात धावली. काट्यांचं कुंपण तिने अंगाने फोडलं, नानांचा सदरा पाठीमागून पकडला आणि त्यांना ओढत मागे पडली. नाना उभे होते तिथे शेवगा कोसळला. एक फांदी अक्कांच्या उजव्या हातावर आली. पाठोपाठ कुणाच्या तरी छपराचा पत्रा माझ्या डोळ्यांदेखत वरून गरगरत गेला आणि पलीकडच्या शेतात रुतला.

वारा पडल्यावर मी धावत गेले. अक्कांच्या परसात गाठी सगळ्या शाबूत होत्या. झाडं नव्हती. केळी पट्टीच्या वरून मोडल्या होत्या, लिंबू मुळासकट आडवं, आणि सुतळ्या जिथल्या तिथे बांधलेल्या.

टांग्यातून अक्कांना दवाखान्यात नेलं. नाना पुढे टांगेवाल्याशेजारी बसले होते, डोक्यावर धूळ तशीच. अक्का माझ्या खांद्यावर रेलल्या होत्या. वाटेत कुणी न विचारता त्या बोलू लागल्या. गावी असंच वादळ आलं होतं. गोठ्याचा पत्रा सुटायला लागला, वासरू आत बांधलेलं. मालक ते सोडायला गेले.

"मी दारमाच उभी ऱ्हायनू, पोरी. नुसत्या हाका मार्यात. घरमा या, घरमा या. पाय काही उचलायना नही." मग बऱ्याच वेळाने, जणू स्वतःलाच, "आज उचलायना. आज धावनू."

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. टांगेवाल्याला तेवढं म्हणाले, "जरा लवकर घे."

हाड जुळलं, पण हात वाकडाच राहिला. मूठ वळेना, गाठ मारता येईना. अक्कांनी पुढे उंच झाड लावलं नाही. मेथी, कोथिंबीर आणि दोन ओळी मिरच्या, एवढंच. नाना रोज कुंपणातल्या त्या भगदाडातून येऊन पाणी घालत. भगदाड कुणी बुजवलं नाही. एक दिवस बघते तर नाना मांडी घालून बसलेत आणि गुडघाभर मिरच्यांना काटक्या रोवून चिंध्या बांधतायत. अक्का उंबऱ्यातून सांगत होत्या, "ढिली बांधा नाना, इतली आवळू नका." नाना मुकाट्याने गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

पुढे यजमानांची जळगावला बदली झाली. निघताना अक्कांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं तोंड कुरवाळलं आणि वेगळा आशीर्वाद न देता एवढंच म्हणाल्या, "वारा सुटना का घरमा ऱ्हायजो."

काही वर्षांनी नाना जामनेरला मुलीकडे जाताना आमच्याकडे उतरले. थकले होते. चहा समोर ठेवला तो तसाच राहिला. मी अक्कांचं विचारलं.

"गेल्या चैत्रात गेल्या," नाना म्हणाले. "शेवटी ओळख राहिली नव्हती. दिवसभर दाराकडे बघून हाका मारायच्या. घरमा या, घरमा या. मला वाटायचं मलाच बोलावतायत. मी म्हणायचो, अक्का, मी आत आहे, बघा, आतच आहे. तरी त्या हाका मारतच राहायच्या. मग कळलं, मला नाहीच."

नानांनी गार झालेला कप बाजूला सारला.

"एका दुपारी हाका थांबल्या. मी पाणी घेऊन गेलो तर चेहरा निवलेला. दाराकडे बघत होत्या, पण भीती नव्हती. आणि हळूच भिंतीकडे सरकल्या. खाटेवर एका माणसाची जागा करून दिली त्यांनी."