सुभेदार आबा आणि दिब्रुगडचा दोरा

सुभेदार आबांना अंतर विचारलं तर ते कधी किलोमीटर सांगत नसत. "कुठल्या दारातनं निघून कुठल्या दारात पोचायचं?" असं उलट विचारत. फौजेतली निम्मी सुट्टी वाटेतच संपायची, म्हणून असेल.

नव्वदीच्या सुरुवातीला कराडात स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान होतं. आगगाडीची तिकिटं रोज, विमानाचं महिन्यातून एखादं. बाकावर आबा, भिंतीवर भारताचा नकाशा. मी शेजारच्या शिंप्याकडचा दोरा दोन विमानतळांमध्ये ताणायचो, नकाशाच्या मापावर धरायचो आणि विमानाच्या वेगानं भागून तास सांगायचो. गिऱ्हाईक थक्क व्हायचं. मीही व्हायचो.

"गड्या, हवेत किती येळ ते पाखरू बी सांगंल," आबा म्हणत. "मानूस घरी कवा पोचतो ते सांग."

एकदा आबा हळदीच्या सौद्याला सांगलीला गेले होते, तेव्हा त्यांच्या ओळखीचे वडूजचे तात्या आले. होणारा जावई जवान, दिब्रुगडजवळ. रजा गुरुवारपासून. त्याच संध्याकाळचा मुहूर्त गाठेल का? मी दोरा ताणला. दिब्रुगड ते पुणे, तीन तास. "तात्या, हळदीलासुद्धा पोचेल," मी म्हणालो. तात्यांनी पत्रिका छापून वाटल्यासुद्धा.

आबांना मी हे फुशारकीनं सांगितलं.

"सरळ येतंय व्हय इमान?"

ते मी पाहिलंच नव्हतं. वेळापत्रक काढलं. दिब्रुगडहून कलकत्ता, तिथं मुक्काम, सकाळी मुंबई, पुढं रस्ता. आबांनी बोटं मोजली. "शुक्रवार, रातीचं नऊ. गुरवारी अंतरपाटामागं आता तू हुबा ऱ्हा."

आम्ही एसटीनं वडूजला गेलो. वाटेत मी माफीचं भाषण पाठ केलं. तात्यांच्या ओसरीवर भावकी बसलेली, मुलगी दाराआड. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "तात्या, चूक माजी. दोऱ्याचा हिशेब म्याच शिकवला हुता ह्याला. शनवारचा मुहूर्त धरा."

"आवं सुभेदार, पत्रिका गेल्यात की गावोगाव."

"नवऱ्याबिगर लावायचं हाय का लगीन?"

मग भावकीनं आबांना यथेच्छ सुनावलं. फौजेत हेच शिकलात का, इथपर्यंत. आबा खाली मान घालून चहा प्यायले. मीही प्यायलो; चहा चांगला होता.

परतताना मी विचारलं, असं का केलंत?

"तुजं दुकान चालाय पायजे. माज्याकडं कोन येतंय तिकीट काढाय?"

नवरदेव शुक्रवारी पावणेनऊला पोचला. शनिवारी अक्षता पडल्या. पंधरा मिनिटं कुठं चुकली, हे मात्र आबा पुढं आठवडाभर शोधत होते.

काही वर्षांनी आबा गेले. दहाव्याला नदीवर तात्या भेटले. कडेवर नातू होता. "लय चोख मानूस," ते म्हणाले. "जन्मात एकदाच चुकला, ते आमच्या पोरीच्याच लग्नात."

खरं सांगायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी नातवाचा गालगुच्चा घेतला आणि म्हणालो, "व्हय तात्या. एकदाच."