प्रभुभोजनाच्या वेळची झोप

उकळत्या मनुकांचा गोडसर, तुरट वास आला, की भिलाईतली ती पत्र्याची शेड आठवते. कारखाना उभा राहत होता आणि आम्हा ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची उपासना तिथंच भरे. एकदा बाबा रात्रपाळीवरून थेट आले. मनुका उकळून केलेल्या रसाचा, प्रभुभोजनाचा प्याला घेऊन पाळकसाहेब त्यांच्यापाशी पोहोचले, तेव्हा ते घोरत होते. मी लाजेनं चूर झाले. दचकून जागे होत त्यांनी ग्रीसनं काळे झालेले हात मागे घेतले.

"मले नको, पाळकसाहेब. मी लायक नाही."

"प्रभू प्रार्थना करत होता, तवा शिष्यबी झोपलेच होते नं, दादा? त्यानं कोणाले हाकललं? घ्या."

आता प्रार्थना करता करता माझाही डोळा लागतो. ती लाज कधीच विरली.

त्या दिवशी बाबांनी प्याला ओठांना लावला, डोळे पुसले आणि बसल्या जागी पुन्हा झोपले. पाळकसाहेबांनी पुढचं गीत हळू आवाजात म्हणायला सांगितलं.