सोपानतात्यांचे चट्टे आणि सणसरचा गूळ

दवाखान्यात कंपाउंडरकी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाटल्यांच्या बुचांसारखे ते आपोआप साठतात. त्यातून बारामतीचा दवाखाना, पन्नास सालानंतरचा काळ आणि कातडीचे रोगी! पोटदुखीवाला निदान पोटावर हात ठेवून गप्प बसतो. कातडीचं दुखणं सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याचं निदान अख्ख्या गावानं आधीच केलेलं असतं. कुणी म्हणे गजकर्ण, कुणी म्हणे रक्तदोष, कुणी म्हणे सापाची कात ओलांडली असणार. आणि शेवटी तोंडाजवळ हात नेऊन हळूच, "महारोग तर न्हाय ना?"

आमचे डॉक्टर खपली खरवडून बघत आणि म्हणत, "हा सोरायसिस." झालं! चार नावांनी गोंधळलेला माणूस पाचव्या नावानं पार गळून जाई. खरं सांगायचं तर मीही.

*

सणसरचे सोपानतात्या गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा रस नेमका केव्हा उतरवायचा, ते ठरवणारा माणूस. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायची आणि ओरडायचं, "उतरवा!" त्यांच्या शब्दाशिवाय काहील जागची हलत नसे.

वर्षानुवर्षं धोतराआड गुडघ्यांवर दडलेले त्यांचे चट्टे त्या वर्षी हातांवर आले. लाल चट्टे, वर चंदेरी खपल्या. लोक म्हणायला लागले, ह्यांच्या हातचा गूळ खायचा कसा? गुऱ्हाळाचे मालक बापूराव म्हणाले, "तात्या, डॉक्टरनं हितं येऊन चार माणसांत सांगू द्या, ह्ये लागत न्हाय म्हणून. तरच औंदा काहिलीला उभं ऱ्हावा. न्हायतर मी दुसरा गुळव्या बघतो."

तात्या दवाखान्यात आले ते रडकुंडीला येऊनच. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला.

"तात्या, हे कुणाला लागत नाही, कुणाकडून आलेलंही नाही. तुमची कातडी जरुरीपेक्षा भराभर वाढते. जुनी गळायच्या आत नवी तयार, म्हणून खपल्या."

तात्यांनी हातावरच्या खपल्या निरखून बघितल्या.

"मंजी पीक जोमात हाय?"

"हो, तसंच म्हणा."

"मग पाणी तोडू, का खत?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बाटल्या पुसायला लागलो.

*

औषध म्हणजे डांबराचं मलम. काळंकुट्ट, आणि वास तर विचारूच नका! डॉक्टरांनी तात्यांना एक छोटी डबी दिली. पुढच्या बाजारी तात्या आले ते हातात मोठा डबा घेऊन. इंदापूरच्या वाटेवर सडकेचं काम चाललं होतं, तिथल्या मुकादमाकडून मागून आणला होता.

"तुमी चिमटीएवढं देताय. म्हनलं, दवाखान्याला किती तरास द्यायचा! लावायच्या आदी इचारावं म्हनून थांबलोय."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "तात्या, हे रस्त्याचं! आपलं माणसाचं!"

"वास तर येकच हाय की ओ!"

मलमानं चट्टे जरा फिके पडले, तशी घरून तक्रार आली. तात्यांच्या कारभारीण म्हणाल्या, "घरात माणूस न्हाय, सडक झोपलीया!" मागोमाग बापूरावांचा निरोप. चट्ट्यांचं राहू द्या, आता गुळाला डांबराचा वास आला तर? लावलं तर वास, न लावलं तर खपल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, झोपताना लावा, सकाळी साबणानं धुऊन टाका. तात्या मान डोलावून गेले, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

*

कोऱ्हाळ्याचे दत्तोबा होते, त्यांच्या पाठभर हाच रोग. डॉक्टर म्हणाले, सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेत जा. दत्तोबा रोज उघड्या अंगानं ओट्यावर डोळे मिटून बसायला लागले. गावाला वाटलं, मोठं व्रत धरलंय! एका म्हातारीनं पुढ्यात नारळ ठेवला आणि नातवाच्या लग्नाचं साकडं घातलं.

दत्तोबांनी परोपरीनं सांगितलं, की आजी, हे औषध आहे. म्हातारी म्हणाली, "व्हय तर! देवाचंच औशद!"

पाठ खरंच सुधारली. नातवाचंही जमलं. मग म्हातारीची समजूत कोण काढणार!

*

बाजारात भाजी विकणाऱ्या गंगूबाईंचे चट्टे उन्हाळ्यात साफ गेले. खुशीनं दवाखान्यात टोपलीभर वांगी ठेवून गेल्या. थंडीत चट्टे परत आले, तशा त्याही आल्या, भांडायला!

"बरं झालं म्हनला हुता न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "बरं नव्हतं झालं, बाई. शांत झालं होतं. हे असंच. जातं, येतं. आपण चिडायचं नाही, खाजवायचं नाही, तेल लावून कातडी मऊ ठेवायची आणि सांभाळून घ्यायचं."

गंगूबाई एकदम निवल्या.

"मंजी सासूवाणीच की! मग जमंल मला."

*

गुऱ्हाळ सुरू झालं त्या दिवशी डॉक्टर मला घेऊन सणसरला गेले. पहिल्या काहिलीचा गूळ गुळव्यानं आपल्या हातानं सगळ्यांना वाटायचा, असा तिथला शिरस्ता. बापूरावांनी त्या एका काहिलीपुरतं तात्यांना उभं केलं होतं. तात्यांनी रसातली मळी काढायला अंदाजानं चुना टाकला, गोळी वळली, "उतरवा!" म्हणाले.

डॉक्टरांनी भाषण केलं. हा रोग लागत नाही, शिवल्यानं नाही, खाल्ल्यानं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी गरम गुळाचा खडा पहिल्यांदा डॉक्टरांपुढे धरला आणि डॉक्टर थबकले. त्यांना मधुमेह होता, हे तिथं फक्त मला ठाऊक!

कुजबुज सुरू झाली. "बगा, डाक्टरच खाईना!" तात्यांचा हात तसाच पुढे. बापूराव जमिनीकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी खडा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. वर आणखी एक मागून घेतला. मग बापूरावांनी हात पुढे केला आणि त्यांच्यामागं सगळ्यांनी. बापूराव म्हणाले, "तात्या, उद्याच्या काहिलीला येळेवर या." तात्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू!

डॉक्टर म्हणाले, "तात्या, मला मधुमेह असून मी खाल्ला. आता तुम्ही खा."

"मला न्हाय चालत. चट्ट्यावर गोड बंद हाय. वैदूनं सांगितलंय."

"कधीपासून?"

"ह्या काहिलीच्या आदीची जुनी काहील हुती, मी नवा गुळव्या हुतो, तवापासनं."

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ज्यांच्या हातचा गूळ सगळा मुलूख खात होता, त्यांनी तो कधीच चाखला नव्हता! डॉक्टर म्हणाले, "गुळानं चट्टे वाढत नाहीत. खा बघू."

तात्यांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा बापूरावांकडे. बारकासा खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश चघळला. मग डोळे उघडून म्हणाले,

"चुना वाईच जास्तच पडतोय की ओ माज्या हातनं! इतकी वर्सं कुनी बोललं कसं न्हाय?"