बोटीच्या वाटेतले आकाराममामा

आकाराममामा आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले लॅब अटेंडंट. पण मी तिथे होतो त्या सहा वर्षांत त्यांना कोरड्या कपड्यांत घरी जाताना मी फारसं पाहिलं नाही. कारण एकच, विभागप्रमुख हंबीरराव सरांची बोट. माणसाशिवाय चालणारी, अडथळा ओळखून आपली आपण वळणारी. निदान कागदावर तरी.

दर शनिवारी ती कळंबा तलावात सोडायची. तिच्या टोकाचं यंत्र वाघळासारखा आवाज सोडायचं आणि परत आलेल्या आवाजावरून समोर काय आहे ते ताडायचं. जलपर्णीचं केंदाळ आलं की भिंत समजून बोट जागीच थांबे. यंत्राची जाण जरा कमी केली, तर नाकापर्यंत डुंबणाऱ्या म्हशीवर थेट जाऊन आदळे. मग गवळ्याच्या शिव्या आम्ही खायच्या, आणि मामांनी गुळाची जुनी काहील नावेसारखी पाण्यात लोटून, बांबू रेटत बोट ओढून आणायची.

"सर, गुडघं कामातनं गेल्यात. डागदर म्हणतोय, पाण्यात उतरू नगा. कोरड्यातलं काम द्या की," मामा म्हणत.

"बोट एकदा नीट वळू दे, आकाराम. मग लॅबमध्ये स्टूल टाकून बस."

त्या स्टुलापायी मामा बोटीला पोटच्या पोरीसारखं जपत. पंख्यात अडकलेलं केंदाळ सोडवताना म्हणायचे, "शीक गं बाई आता."

२००६च्या डिसेंबरात पुण्याहून तपासणी समिती आली. अडथळे म्हणून तलावात रिकामी पिंपं सोडायची होती. त्यांना दगड बांधायचं काम माझं, नव्या लेक्चररचं. मी दोऱ्या आखूड बांधल्या. दगड तळाला टेकलेच नाहीत आणि वाऱ्यानं पिंपं पार पलीकडे नेली. समिती घड्याळ बघू लागली.

माझ्याच तोंडून निघालं, "मामा उभे राहिले तर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसता थकवा होता.

"शेवटचंच हाय न्हवं?" म्हणाले. शर्ट काढला आणि छातीभर पाण्यात जाऊन उभे राहिले.

बोट सरळ त्यांच्या अंगावर आली. मामा हलले नाहीत. दोन हातांच्या अंतरावर ती वळली, त्यांना वळसा घालून पलीकडच्या काठाला लागली. टाळ्या पडल्या. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी मीही वाजवल्या. मामा पाण्यात उभे राहून हसत होते.

समितीनं आणखी तीन वर्षांच्या चाचण्या मंजूर केल्या. मामा पाय पुसत सरांपाशी आले.

"सर, स्टुलाचं तेवढं..."

"अरे, स्टूल कसलं! पिंपं वाहून जातात, म्हशी थांबत नाहीत. तुझ्यासारखं न हलता कोण उभं राहणार? पुढच्या शनिवारी गळ्याइतक्या पाण्यात बघू."

मी उरलेल्या दोऱ्या गुंडाळत राहिलो. मामांनी नुकत्याच पुसलेल्या पायांकडे पाहिलं.

"ऱ्हातो की," म्हणाले, आणि पलीकडची बोट आणायला काहील लोटत पुन्हा पाण्यात उतरले.