अंगठ्याचं नख

आमच्या वडीगोद्रीकडं कापसाचा बीजप्लॉट करणारी बाई तिच्या उजव्या अंगठ्यावरून ओळखू येते. उद्या उमलणारी कळी आज दुपारी त्या अंगठ्याच्या नखानं सोलायची, पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, आणि मधल्या कोवळ्या भागाला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलातले पराग त्यावर फिरवायचे. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. सीझनच्या आधीपासून बाया हे नख वाढवतात, भांडी घासतानासुद्धा जपतात. माझ्या बायकोचं नख तर आसपासच्या वस्त्यांवर नावाजलेलं. तिच्या ओळीतली कळी वाया जात नसे, आणि हे ती मला रोज ऐकवत असे. माझ्या हातून मात्र कळी तुटायचीच. "तुमचे हात नांगराचे," म्हणून तिनं मला प्लॉटातून कधीच हाकललेलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला मला लघवीचा त्रास सुरू झाला. सारखं जावंसं वाटे आणि जाऊन काही होत नसे. मुलगी सासरी गेलेली, मुलगा औरंगाबादला कॉलेजात, त्यामुळे माझ्याकडं बघायला घरात बायकोच तेवढी होती. तिनं चार दिवस माझे हेलपाटे बघितले आणि मला जालन्याच्या एसटीत बसवून दिलं.

स्टेशनाजवळचे ते डॉक्टर म्हातारे आणि तोंडाचे फटकळ. प्रोस्टेटची ग्रंथी मागच्या बाजूनं बोट घालून तपासावी लागते, हे त्यांनी मला कुशीवर झोपवल्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी खिडकीतून पळालो असतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असणार. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. तपासणी दोन श्वासांत संपली.

"दुखलं का?" हात धुताना त्यांनी विचारलं.

"न्हाई. उलट..." एवढं बोलून मी जीभ चावली.

डॉक्टर वळले. "उलट काय? बरं वाटलं?"

माझे कान तापले. मी पायजम्याची नाडी बांधण्यात फार गढून गेल्याचं दाखवलं.

"अरे बाबा, लाजतो कशाला? तिथल्या नसाच तशा असतात. पुष्कळ बाप्यांना तिथं बरं वाटतं, फक्त बोलून कोणी दाखवत न्हाई. त्यानं माणूस बदलत न्हाई अन् बिघडतबी न्हाई."

माझी ग्रंथी बिलकुल ठीक होती, त्रास साध्या जंतूंचा होता. गोळ्या देताना त्यांनी मी न विचारलेलंही सगळं, म्हणजे घरी तसं करून बघायचं तर कसं, ते सांगून टाकलं. गोळ्या संपून जळजळ पूर्ण थांबेपर्यंत काही नाही. मूळव्याध असली तरी नाही. नंतर करायचंच असेल तर पोट साफ, हात साफ, नख मुळापासून कापलेलं, वर पातळ हातमोजा आणि भरपूर जेली, मेडिकलमध्ये मिळते ती पाण्यानं धुतली जाणारी. एकच बोट, सावकाश, पुढं बेंबीच्या बाजूला हलकंच. दुखलं की थांबायचं. "आणि घरातली कुठलीही वस्तू वापरायची न्हाई," त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आत गेली की मंग माझ्याकडंच यावं लागतं. आलेत लोक."

परतीच्या एसटीत मला जंतूंची काळजी नव्हती. आमचं नवरा-बायकोचं जे काही होतं ते अलीकडं सणासुदीपुरतं उरलेलं होतं, त्यात काही नवं येईल याची आशा आम्ही दोघांनीही सोडलेली. आणि आता आशा वाटत होती तर बोलायची हिंमत नव्हती. इतकी वर्षं ही बाई मला गडी म्हणून बघत आली. हे ऐकून तिच्या मनातून मी उतरलो तर? तिच्या डोळ्यांत क्षणभर जरी किळस दिसली असती तरी मी पुन्हा तिच्याजवळ गेलो नसतो. म्हणून मी गप्प राहिलो. गोळ्या संपल्या, त्रास गेला, मी गप्पच.

सामान मात्र आणून ठेवावं असं ठरवलं. गावातल्या मेडिकलवाल्याला अख्ख्या गावाच्या पोटाची खबर असते. त्यानं विचारलं, "हातमोजे कशाला?" आणि मी घाबरून म्हणालो, "जनावरासाठी." त्यानं समजूतदारपणे मान हलवली, आतल्या कपाटातून खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा काढला, गाई गाभण करायला येणारे डॉक्टर वापरतात तो. जेलीचा डबाही त्याच मापाचा दिला. आता नको म्हणायची सोय नव्हती. मी तो ऐवज गव्हाच्या कोठीमागं लपवला.

बायकोपासून कोठीमागं काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी जेवायला बसलो, तर ती दारात उभी. उजव्या हातात खांद्यापर्यंत मोजा चढवलेला.

"काय हो, गाय कवा घेतली?"

मी हातातला घास ताटात ठेवला. आमची शेवटची गाय विकून वर्ष होऊन गेलेलं होतं.

"मी ईचारून राह्यले. गाय कुठंय?"

मग मी सांगितलं. ताटाकडं बघत, सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, त्या "उलट"चं, मेडिकलचं. वर बघायचा धीर होत नव्हता. शेवटी बघितलं, तर ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मोज्यातला हात तोंडावर धरून ती इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"म्या म्हणलं, जालन्याच्या डॉक्टरनं काय वंगाळ सांगितलं की काय! आठ-दहा रोज झाले, तुमी बोलंना, जेवंना. म्या देव पाण्यात घालून बसले आन् तुमी गाय शोधून राह्यलेत!"

"तुला किळस न्हाई वाटली?"

"लेकरांचं गू-मूत कुणी काढलं?" ती उठली आणि मोजा ओढून काढला. मग गंभीर होऊन अंगठा माझ्यापुढं धरला. "पर ह्याचं काय? बोट दुसरं असलं तरी हे टोचंल. सीझन सरू द्या. अजून महिनाभर कळ्या हायेत."

मला ते बरोबर वाटलं. नख म्हणजे तिची इज्जत, हे मला कळत होतं. मी अंबडहून साधे पातळ मोजे आणून ठेवले आणि वाट बघायचं ठरवलं.

आठवडासुद्धा गेला नाही. एका दुपारी ती सकाळचं काम उरकून आली, हातपाय धुतले आणि दाराला कडी लावली. तिनं हात पुढं केला. पाची बोटांची नखं मुळापासून कापलेली होती, अंगठ्याचंसुद्धा.

"अगं, अन् प्लॉट?"

"माझ्या वळी आजपासून तुमी करायच्या."

"मला कुठं जमतं?"

"मंग हे तरी मला कुठं जमतं? शिकू दोघंबी."

त्या दुपारी फार काही घडलं नाही, हे सांगायला हवं. मला निम्मा वेळ शौचाला लागल्यासारखं वाटत होतं, माझ्या पोटरीत गोळा आला, आणि "दुखतंय का, दुखतंय का" असं ती इतक्यांदा विचारत होती की शेवटी आम्ही दोघं हसून हसून दमलो. बरं वाटायला आणखी दोन-चार दुपारी गेल्या. पण इतक्या वर्षांत आम्ही दिवसाउजेडी एकमेकांकडं बघत असं हसलो नव्हतो. मला फार आवडली ती त्या दुपारी. तसं मी तिला सांगितलंही.

ऊन कलल्यावर मी तिच्यासोबत जाऊन बायांच्या ओळीत उभा राहिलो. पहिल्या तीन कळ्या तोडल्या. शेजारच्या वस्तीवरची बायकोची जाऊ म्हणाली, "भावजी, आज बायांत? आन् वैनीचं नख कुठं गेलं?"

"मोडलं," बायको म्हणाली. तोंडावरची रेघही हलली नाही. मग माझ्या मागं येऊन तिनं माझा अंगठा धरला आणि कळीवर कसा ठेवायचा ते दाखवलं. बाया फिदीफिदी हसल्या, बांधावरून जाणाऱ्या एका गड्यानं मला नवी नवरी म्हणून हाक मारली, आणि मला गंमत अशी वाटली की मला काहीच वाटलं नाही. ज्या बाईच्या मनातून उतरायची मला भीती होती, ती माझा अंगठा धरून उभी होती.

तेव्हापासून आमच्या घरात सीझनच्या आधी नख मी वाढवतो. तिचं कापलेलं असतं.