गारमामाचे हेडफोन

माझ्या मामाला सगळी गल्ली गारमामा म्हणायची. तो बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचा. आम्ही भाचरं लहानपणी त्याच्या हाताला हात लावून बघायचो, तर भर उन्हाळ्यातसुद्धा तो गार लागायचा. स्वभावही तसाच. मामी चिडली की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि तिचं बोलून झालं की वळून विचारायचा, "चहा टाकू?" त्यावर मामी आणखी भडकायची.

त्याचं मशीन मी पाहिलं होतं. माणसाच्या दुप्पट उंचीचं चाक, त्यावरून फिरणारा रुंद पट्टा आणि पायाखालची फरशी हलवणारा धप्प धप्प आवाज. पलीकडे मिठाच्या पाण्याची टाकी, तिच्यात उभे बुडवलेले, बर्फ गोठवायचे पत्र्याचे साचे. तिथली माणसं एकमेकांशी हातवारे करूनच बोलायची. मामानं कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. "मशीनचं काही दुखत असलं तर ते मला सांगणार कसं?" असं म्हणायचा.

एका सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला होता. बसल्या बसल्या त्यानं आईला विचारलं, "ताई, कुकर किती वेळ शिट्टी देतोय, बंद कर की." कुकर तर केव्हाच उतरवून ठेवला होता. आम्ही सगळे हसलो, तोही हसला. मग हळूच उठून बाहेर गेला आणि कानात बोट घालून हलवत परत आला.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, मामीलासुद्धा नाही. कामाच्या दिवशी मशीन त्या शिट्टीला झाकून टाकायचं. सुट्टी मात्र त्याला नको असायची. काहीतरी निमित्त काढून तो कारखान्यात जाऊन बसायचा आणि मामी म्हणायची, "तिथे सवत ठेवलीये यांनी."

मग कारखाना बंद व्हायची वेळ आली. मासळीवाल्यांनी आपली यंत्रं बसवली, हॉटेलांनी मोठे फ्रीजर घेतले. लादीचा बर्फ कुणाला लागेना. शेवटच्या आठवड्यात मामा माझ्या ऑफिसात आला. तो कधी तिकडे फिरकला नव्हता, म्हणून मी घाबरलेच.

"कुणाला काही झालंय का?"

"नाही गं. माझ्या कानात शिट्टी आहे," तो म्हणाला. "थांबतच नाही. फक्त मशीन चालू असलं की ऐकू येत नाही. आता मशीन बंद होणार. मग मी काय करू?"

तो इतक्या साध्या आवाजात बोलत होता की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी त्याला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या आवाजानं बारीक, वरचे आवाज ऐकण्याची ताकद गेली आहे, ती परत येणार नाही. शिट्टीही जाणार नाही. कानात घालायचं यंत्र दिलं, पण त्यातून भांड्यांचा आवाज टाचणीसारखा टोचायचा. मामानं ते दोन-चार दिवसांतच डबीत ठेवून दिलं. त्या दिवशी आम्ही निघताना डॉक्टर एवढं म्हणाले, एखादा जाडसर, सौम्य आवाज ऐकत राहिलं तर काही लोकांना बरं वाटतं. "मात्र हळू लावा. मोठ्यानं लावलंत तर उरलंय तेही जाईल."

जाडसर आवाज कुठला, हे मामाला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ऑफिसातल्या मीटिंगा टिपायचा रेकॉर्डर मागून आणला. शेवटच्या दिवशी मामानं तो चाकाजवळच्या स्टुलावर ठेवला, स्वतः शेजारी उभा राहिला आणि मशीन थांबेपर्यंत जागचा हलला नाही.

कारखाना बंद झाल्यावर त्याला वाचनालयात काम मिळालं. दाराशी लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या आणि नंबराचा बिल्ला द्यायचा. काम हलकं, पण तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. "मला नेमकं तिथेच नेऊन बसवलंय," तो म्हणाला. पहिल्या महिन्यात त्याचं वजन उतरलं. ग्रंथपाल बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, काय ऐकायचं ते ऐका, फक्त बाहेर आवाज येता कामा नये.

माझ्या फोनबरोबर आलेले छोटे इअरफोन त्यानं लावून पाहिले आणि लगेच काढले. "हे माझं मशीन नाही. पत्र्यावर कुणीतरी खडे फेकतंय."

म्हणून आम्ही मोठा हेडफोन घ्यायला दुकानात गेलो. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी विचारलं, "गाणी कुठली ऐकता?" मामानं रेकॉर्डर पुढे केला. बाईंनी थोडं ऐकलं, मामाकडे पाहिलं आणि काही न विचारता एकेक डबा उघडायला लागल्या.

पहिल्याचे कानांवरचे कप मागून जाळीचे होते. आवाज मोकळा, पण रस्त्यावरचे हॉर्न सरळ आत येत होते आणि आतलं बाहेर मला ऐकू येत होतं. वाचनालयात चाललं नसतं. दुसरा बिनवायरचा, बाहेरचा गोंगाट स्वतःच मारणारा. तो चालू केला की त्याचीच एक बारीक सुर्र यायची आणि ती मामाच्या शिट्टीला जाऊन मिळायची. मामानं तो चटका बसावा तसा काढला. तिसऱ्यात ढमढम भलतीच वाढवलेली. "रिकामं पिंप बडवताहेत," तो म्हणाला.

बाई आत गेल्या आणि एक जुन्या घडणीचा, मागून पूर्ण बंद असलेला हेडफोन घेऊन आल्या. "दिसायला काही नाही. पण आवाज ऊबदार आहे. वरचे आवाज जरा दबलेले, खालचे भरलेले."

"बर्फवाल्याला ऊबच हवी," मामा म्हणाला.

त्यानं तो लावला. डोळे मिटले. त्याचा उजवा पाय फरशीवर हळूहळू ठेका धरायला लागला आणि चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडत गेलं. बाईंनी उगाचच बिलबुक इकडचं तिकडे केलं. मग त्यानं हेडफोन काढून फिटरच्या हातांनी तपासला. वरची पट्टी पोलादी आहे, बिजागरी स्क्रूची आहे, वायर उपसून दुसरी घालता येते. "कानाच्या गाद्या झिजल्या तर?" "बदलून मिळतात." तो दुमडून जाकिटाच्या खिशात जातो का हेही त्यानं घालून पाहिलं. "हा मला पुरून उरेल," असं म्हणून त्यानं डबा काखेत मारला.

बरे दिवस होते ते. वर्षभर तरी असतील. बिल्ले देता देता तो कमी आवाजात आपलं मशीन ऐकायचा. घरीही ऐकायचा, आणि तिथे मामीचं बिनसलं. ती काही सांगायला आली की त्याच्या कानांवर ते दोन काळे कप. एकदा माझ्यादेखत म्हणाली, "भंगारात गेलेल्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतात हे." मामानं कप बाजूला करून विचारलं, "काय म्हणालीस?" ती म्हणाली, "काही नाही."

एका सकाळी मामीनं मला फोन केला. मी गेले तर मामा टेबलापाशी हेडफोनची वायर काढून घालत होता. पट्टी, स्क्रू, गाद्या सगळं समोर मांडलेलं.

"बिघडला," तो जरुरीपेक्षा मोठ्यानं म्हणाला. "बघ बरं वाजतोय का."

मी सुटे कप तसेच कानांना धरले. धप्प, धप्प. पट्ट्याची सळसळ, मागे कुणाचीतरी खोकण्याची उबळ. सगळं स्वच्छ. मी कप त्याच्यापुढे ठेवले. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं. त्यानं स्क्रू एकेक करून परत बसवले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग इंजेक्शनं. कधी कधी असं अचानक होतं, म्हणाले. उजव्या कानाला काहीच ऐकू येईना, डाव्यात दार आपटल्यासारखं काहीतरी यायचं, मग तेही गेलं. मी कागदावर लिहून विचारलं, "आणि शिट्टी?" मामानं ते वाचलं. "ती आहे," तो म्हणाला. "आता तेवढीच आहे."

महिन्याभरानं मी गेले तेव्हा मामी स्वयंपाकघरात हेडफोन लावून बसली होती. समोर भाजी अर्धी चिरलेली. मामा दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिनं बराच वेळ ऐकलं, मग तो काढून मांडीवर ठेवला.

"एवढंच होतं होय," ती मला म्हणाली. "मला वाटायचं, काय ऐकतात कोण जाणे. जन्मभर एवढंच ऐकलं आणि कान घालवून बसले."

ती रडली नाही. सुरी उचलून भाजी चिरायला लागली.

मामा अजून वाचनालयात जातो. बिल्ल्यांना कान लागत नाहीत. हेडफोन घरीच असतो, नव्यासारखा. रात्री झोप लागत नाही म्हणून तो दुपारी पेंगतो आणि लोक काउंटरवर टकटक करत बसतात, मग लक्षात आलं की हात लांब करून त्याच्या बाहीला धरतात. मामी आता त्याला हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते.

परवा जेवताना तो तिला म्हणाला, "गप्प का असतेस हल्ली? बोलत जा की. मी बघतो ना तुझ्या ओठांकडे."

मामीनं त्याच्या ताटात भात वाढला. "काय बोलू?" ती म्हणाली. तेव्हा तो खाली ताटाकडे बघत होता.